घरतदादांनी मारलेली माणसं

आमच्या ऑफिसात घरतदादा अधूनमधून कुणाला तरी मारत असत. वेळ सकाळचीच. पिशवी टेबलावर ठेवायची, घाम पुसायचा आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच जाहीर करायचं, "आज पावडरवाला मेला. आता काय करशाल?" तिकडे पावडरवाला गुजरातेत आपल्या गादीवर धडधाकट बसलेला असायचा. तळोज्याच्या एका कारखान्यात आपला निकाल लागलाय याची त्या बिचाऱ्याला गंधवार्ताही नसे.

आमचा कारखाना कुकरच्या रबरी रिंगा बनवायचा. जनार्दन घरत हे आमचे परचेस मॅनेजर, म्हणजे रबर, पावडर, केमिकल जे काही लागेल ते आणून द्यायची जबाबदारी त्यांची. मी प्लॅनिंगला. कुठली रिंग कधी बनवायची ते मी ठरवायची, पण माल नसेल तर माझं ठरवणं चुलीत. त्यामुळे आमची टेबलं शेजारी शेजारी आणि भांडणं रोजची. ते मला 'बाई' म्हणत, मी त्यांना 'दादा'. वयानं ते माझ्या वडिलांच्या आसपासचे, पण कुणी 'काका' म्हटलेलं त्यांना खपत नसे.

तर माणूस मेला की आम्ही पळायचं. नुसतं तोंडानं नाही, खरोखर. तोच माल देणाऱ्या दुसऱ्याला फोन लावायचा. तुझ्याकडे आज किती आहे, गाडी कधी निघेल, घाट बंद असला तर कुठून येईल, सगळं विचारायचं. दादा हाताची घडी घालून आमची धावपळ बघत. उत्तरं पसंत पडली की खुर्चीत बसत आणि म्हणत, "बरा हाय. जाऊ द्या, पावडरवाला जिता झाला." मग चहा यायचा.

एकदा मात्र घोटाळा झाला. टेलिफोनवर नवी मुलगी लागली होती. दादांची ही पद्धत तिला कुणी सांगितली नव्हती. दादांनी सकाळी केमिकलवाल्या जैनशेठना मारलं आणि ते चहा प्यायला खाली गेले. मुलीनं ही बातमी हळूच मालकांच्या कानावर घातली. आमचे मालक हळवे. त्यांनी डोळे टिपले आणि स्वतः जैनशेठच्या घरी फोन लावला. फोन नेमका जैनशेठनीच उचलला. मालकांना वाटलं, भाऊ असणार. त्यांनी जड आवाजात विचारलं, "कधी नेताय?" जैनशेठना वाटलं ड्रमांबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "आज संध्याकाळी टेम्पोत घालतो."

खुलासा व्हायला बराच वेळ लागला. जैनशेठनी धसका घेऊन घरी पूजा घातली आणि आम्हा सगळ्यांना प्रसाद पाठवला. दादांनी प्रसाद कपाळाला लावला, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एका दिवसात पोचला. कुरिअरवाला चांगला हाय."

हे वेड ऑफिसपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पनवेलात दादांचे न्हावी दोन होते. एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही फुगलेले असत, त्यामुळे दादांचे केस कधीच धड कापलेले दिसले नाहीत. मी एकदा म्हटलं, "दादा, एकच धरा की." तर म्हणाले, "आन तो गावाला गेला तं? दुसऱ्याकडे आयत्या वेळी गेलात तं तो तुमाला वलखनार नाय. अडचन नसताना जो जातो त्यालाच अडचनीत दारात घेतात." डॉक्टर दोन, दूधवाले दोन, ऑफिसला यायचे रस्ते दोन. माझ्या पुतणीच्या लग्नात मुहूर्ताला अजून अवकाश होता, तेवढ्यात ते माझ्या दिरांना कोपऱ्यात घेऊन विचारत होते, "दुसरा भटजी कोन ठेवलाय?" भटजी शेजारीच उभे होते.

मी चिडले की ते मिठागराची गोष्ट सांगत. उरणकडच्या त्यांच्या गावात वडिलांची मिठागरं होती. खाडीचं पाणी अडवायला बांध. एका वर्षी मीठ तयार होऊन राशी लागल्या होत्या आणि मोठ्या उधाणात बांध फुटला. घरादाराची वर्षभराची मेहनत खाडीत विरघळून गेली. "बांध एकच व्हता, बाई. आजा सांगायचा, आत दुसरा घाल. बाप बोल्ला, येवढी वर्सं फुटला नाय तं आता काय फुटतोय. आमी पोरा काठावर उबी रावून बगत व्हतो." एवढं ऐकलं की मलाही मग भांडता येत नसे.

पण दादा कधी चुकलेच नाहीत असं समजू नका. चुकले, आणि तेही आपल्या हुकमी विषयात. पावडरीसाठी त्यांनी दोन माणसं धरली होती, एक गुजरातचा, एक राजस्थानचा. आम्हाला अगदी निर्धास्त वाटायचं. एके दिवशी गुजरातवाल्याचा फोन आला, माल नाही. दादा हसले आणि त्यांनी राजस्थानवाल्याला फोन लावला. तोही म्हणाला, माल नाही. खोदून विचारल्यावर कळलं की दोघंही पावडर एकाच खाणीतून उचलत होते आणि ती खाण बंद पडली होती. रिंगा दाबून काढणाऱ्या आमच्या प्रेस थंड झाल्या. पॅकिंगला रोडपाली-कळंबोलीच्या बायका होत्या, रोजावर. त्यांना घरी पाठवावं लागलं. त्या डबे घेऊन गेटातून बाहेर पडत होत्या तेव्हा दादा खिडकीशी उभे होते. त्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. "दोन बांध घातले," ते म्हणाले, "पन दोनी एकाच मातीचे."

त्यानंतर ते मुलीला स्थळ बघायला निघालेल्या बापासारखे सप्लायरांच्या मागे लागले. तुझा माल कुठून येतो? त्याला कोण देतो? त्या देणाऱ्याचं मूळ गाव कुठलं? एका सप्लायरनं घाबरून आपलं आजोळसुद्धा सांगून टाकलं. आणि दादांनी मालकांच्या मागे भुणभुण लावून आपटा गावात नदीपासून दूर, उंचावर एक गोडाऊन घ्यायला लावलं. निम्मा साठा तळोज्यात, निम्मा तिकडे. मालक त्या गोडाऊनला 'घरतांचं सासर' म्हणायचे, कारण दादा दर रविवारी तिकडे चक्कर मारून यायचे. दादांची बायको, आमच्या वहिनी, जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन बडोद्याला. रविवारी माणसानं घरी बसून करायचं तरी काय, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शबाना मुकादम दादांच्या हाताखाली आली ती याच सुमाराला. पनवेलचीच मुलगी, बाप दुबईला. बोलायला गोड आणि डोक्यानं तल्लख. दादांनी सकाळी माणूस मारला की बाकीचे पेन शोधत असायचे, तोवर हिचा दुसरा फोन लागलेला असायचा. दादा तिला सगळं शिकवत होते. कुठल्या शेठशी आधी तब्येतीचं बोलायचं, कुठल्याशी सरळ कामाचं, कुणाचं 'उद्या' म्हणजे उद्या आणि कुणाचं 'उद्या' म्हणजे पुढचा आठवडा. तिचं कौतुक ते मला रोज ऐकवत.

एका सकाळी दादांनी सवयीनं विचारलं, "आज कोनाला मारू?" शबाना म्हणाली, "दादा, बुरा मानू नका. तुमचं सगळ्यांना मारून झालं. एकच राहिलाय."

"कोन?"

"तुम्ही."

सगळे हसलो. दादा हसले नाहीत. "माजा काय? मी कवा मरतोय," असं काहीतरी पुटपुटत ते चहाला निघून गेले, आणि त्या दिवशी कुणीच मेलं नाही. नंतरचे काही दिवस ते शबानाशी तुटक वागत होते. पोरगी रडवेली झाली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मी त्यांचंच शिकवलेलं बोलले ना?" मी म्हटलं, हो गं बाई, तेच तर लागलंय त्यांना.

मग दादांना जिना चढताना धाप लागायला लागली. त्यांच्या दोन डॉक्टरांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं की छातीचं ऑपरेशन लवकर करून घ्या. दादा टाळत राहिले. विचारलं की एकच उत्तर, "शबाना अजून तयार नाय. लाइन थांबेल." मी हे ऐकून ऐकून वैतागले होते. एकदा दुपारी ऑफिस रिकामं होतं तेव्हा त्यांना स्पष्टच बोलले, "दादा, ती केव्हाच तयार आहे. तुम्ही तयार नाही."

मला वाटलं, आता भांडतील. पण ते टेबलाकडे बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, माज्या बिगर लाइन चालली, तं येवढी वर्सं मी हितं काय केला?"

ज्या माणसानं उभा जन्म कुणावाचून काही अडू नये म्हणून घालवला, त्याला आपल्यावाचून थोडं तरी अडावं असं वाटत होतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण त्या वाटण्यापायी तो जीव धोक्यात घालत होता. त्याच संध्याकाळी मी बडोद्याला त्यांच्या मुलीला फोन केला. ती आली, आणि बापाला दटावून पनवेलच्या हॉस्पिटलात भरती करून मोकळी झाली.

आणि नेमकं तेव्हाच ते झालं. ऑपरेशन होऊन दोन दिवस होत नाहीत तोच उरणकडे बंदरावर कंटेनरच्या ड्रायव्हरांनी संप पुकारला. आमचं बाहेरून येणारं केमिकल बोटीतून उतरलं होतं आणि आत अडकलं होतं. ते नसेल तर रबर पिकत नाही, आणि रबर पिकलं नाही तर रिंग म्हणजे नुसता चिखल. मालक घामाघूम. शबानानं दुपट्टा खांद्यावर नीट घेतला आणि फोनला बसली.

आधी तिनं कुकर कंपन्यांना फोन केले. ते विचारतील याची वाट न बघता खरं काय ते सांगून टाकलं आणि कुठली रिंग आधी हवी ते विचारून घेतलं. मी त्याप्रमाणे प्लॅन फिरवला. आपट्याहून साठा हलवला. जैनशेठ जिवंत होतेच, त्यांचं केमिकल देशातच बनायचं, त्यांनी पहिला टेम्पो सोडला. मधल्या दिवसांची फट राहत होती, तर पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्याकडून, जो आमचा कट्टर स्पर्धक, शबानानं काही ड्रम उसने आणले. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे. त्यांच्या अडचणीला दादांनी एकदा असेच ड्रम दिले होते, मालकांना न विचारता. संप मिटेपर्यंत आमच्या प्रेस चालू राहिल्या. पॅकिंगच्या बायका रोज डबा खाऊन, शिफ्ट संपवूनच घरी गेल्या.

मी हॉस्पिटलात गेले तेव्हा दादा उशीला टेकून बसले होते. केस नेहमीसारखेच वेडेवाकडे. संपाचं त्यांना वॉर्डबॉयकडून कळलेलं होतं. मला बघताच पहिला प्रश्न, "थांबली?"

खोटं बोलावंसं वाटलं, नाही असं नाही. पण ज्या माणसानं त्या पोरीला घडवलं, त्याच्यापुढे तिचं काम लपवायचं कसं? मी म्हटलं, "नाही थांबली, दादा. शबानानं थांबू दिली नाही." आणि सगळं सांगितलं. ड्रमांची गोष्ट ऐकताना त्यांचे डोळे लकाकले. "गेली ती त्यांच्याकडे? शाब्बास." मग त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि म्हणाले, "म्हंजे आता चालतंय." मी परत निघाले तरी ते खिडकीकडेच बघत होते.

दादा पुन्हा कामावर आले नाहीत. मालकांनी थांबायचा आग्रह केला, तर म्हणाले, "एका कामाला दोन मानसं ठेवाची गरज नाय." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी असं वाक्य उच्चारलं असेल. शबाना त्यांच्या खुर्चीत बसली आणि काम झकास चाललं. खरं सांगते, आम्हाला त्यांची आठवण यायची ती चहाच्या वेळी, कामाच्या वेळी नाही.

काही महिन्यांनी माझ्या रजेच्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या रोडपालीच्या घरी गेले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दादा बसले होते. मी म्हटलं, कुठे बाहेर निघालात का? "नाय, नाय, बसा," म्हणाले, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. एवढ्यात फोन वाजला.

शबाना होती. दादांना आताशा कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला. मला सगळं ऐकू येत होतं. "दादा, केरळवाल्याचं रबर वाटेत अडकलंय हो. काही सुचत नाहीये. काय करू?"

दादा ताठ बसले. मग जे सुरू झालं ते झालं. अमक्याला फोन कर, तमक्याचं नाव सांग, आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी कर, मग रबराचं काढ. पोरगी पलीकडून "हां दादा, हां दादा" करत होती. मी चहाच्या कपात बघत बसले. केरळचं रबर आदल्या दिवशी दुपारीच येऊन पडलं होतं. उतरवून घेताना मी स्वतः तिथे उभी होते, आणि शबानाही.

दादांनी फोन ठेवला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"रबर कवा आला, बाई?"

मला खोटं बोलता येईना. "काल दुपारी."

"मला वाटलाच." ते थोडं हसले. "रोज करते फोन. रोज कायतरी अडकवते. परवा पावडर अडकवली, त्याच्या आदी केमिकल. तिला सगला येतंय, माज्याहून बरा येतंय."

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला, बशीत सांडला तो तसाच राहू दिला, आणि किटली खाली न ठेवताच म्हणाले, "तिला बोलू नका हां. मला समजतंय हे तिला कळला, तं ती फोन बंद करेल."

नाही सांगत, मी म्हटलं.