एकतीस हजार चारशे गुण

आमच्या घरात सगळ्यात हुशार कोण, हा वाद मी मंगळवारी कायमचा मिटवला. माझा नवा कॉम्प्युटर! वेग मोजायच्या चाचणीत त्याने तीस हजार नऊशे गुण मिळवले. आईच्या खोलीतल्या जुन्या डबड्याला त्याच चाचणीत जेमतेम अडीच हजार.

बायको घरांचे नकाशे काढते. त्या दिवशी चारच्या आत एक नकाशा पोचला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. म्हणून मी मोठ्या मनाने माझा कॉम्प्युटर तिला दिला होता. दीड वाजता ती जेवायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "जरा अडखळतोय रे हा."

अडखळतोय? माझा? मला ते फार लागलं. ती जेवून येईपर्यंत पुन्हा चाचणी घ्यायची आणि आकडाच तिच्यापुढे ठेवायचा, असं मी ठरवलं. चाचणीला बाकीचं सगळं बंद लागतं, म्हणून मी दिसेल ते बंद करत सुटलो. मध्येच कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह करायचं का? त्यात कशाला वेळ घालवा, म्हणून मी 'नाही' दाबलं.

बायको परत आली. "माझा नकाशा कुठाय?"

"वीस मिनिटं थांब. मध्येच थांबवलं तर गुण धरत नाहीत."

"सकाळपासून बसून जिना हलवलाय मी. सेव्ह केलंस ना?"

मी कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज लक्ष देऊन ऐकू लागलो.

पेन ड्राइव्हवरची कालची प्रत घेऊन ती तडक आईच्या खोलीत गेली. आईने पत्त्यांचा डाव अर्धवट सोडून तिला खुर्ची दिली. डबडं कण्हतकुंथत सुरू झालं. बायकोने जिना पुन्हा हलवला आणि चाराला सहा मिनिटं असताना नकाशा पोचला.

इकडे माझा आकडा कधीचाच आला होता. एकतीस हजार चारशे! सांगायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी त्याच खोलीत गेलो.

"छान," आई म्हणाली. "पण हे गुण नक्की कशाचे?"

मी बराच विचार केला. "चाचणी किती वेगात देतो, त्याचे."

"आणि नकाशा?"

"तो चाचणीत नसतो."

आईने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "लग्नाआधी मी तुला याची गुणपत्रिका दाखवली होती ना गं? तेव्हाच हे सांगायला हवं होतं."

बायकोने मान डोलावली. त्यासाठी तिला एक सेकंदही लागला नाही.