आधी थर, मग औषध

आमच्या कसबा पेठेतल्या सोसायटीत जगदाळे काका जिन्यात भेटले तर हसायचं नाही. हसलं की हिरड्या दिसतात आणि हिरड्या दिसल्या की काका सुरू होतात. "ब्रश करताना रक्त येतं ना? येतच असणार. बसा गोळ्या खात."

गोळीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं. सोसायटीची पाण्याची टाकी ते स्वतः उभं राहून घासून घेतात, त्यामुळे उदाहरणही तेच. "टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर असतो. वरून औषध ओतून जातो का तो? आतले जंतू मजेत. हिरडीच्या आत तसाच थर. आधी थर, मग औषध." हे त्यांनी वॉचमनला ऐकवलंय, दूधवाल्याला ऐकवलंय, आणि एका लग्नात जेवताना नवरीच्या बापालाही. बिचाऱ्याचा घास हातातच राहिला.

मागच्या आठवड्यात माझी हिरडी सुजली. मुलाच्या घशाच्या औषधातली एक कॅप्सूल घरात उरली होती. माझी आई मिश्री लावायची, त्याच सवयीने मी ती कॅप्सूल फोडली आणि पावडर हिरडीला चोळली. दुसऱ्या दिवशी आणखी घ्यायला मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराला सगळं सांगून झालं आणि बघते तर मागे काका.

"मिश्री वाटली का हो ती?" ते कडाडले. अख्खं दुकान वळलं. "अर्धवट औषध चोळायचं, जंतूंना सवय लावायची, मग गुण येत नाही म्हणून डॉक्टरच्या नावाने खडे फोडायचे. शिकलेल्या दिसता की." दुकानदारालाही त्यांनी सोडलं नाही. त्याने मला कॅप्सूल दिलीच नाही.

माझं टाळकं सरकलं. हिरडी माझी, पैसे माझे, हे कोण टिकोजीराव? रात्रभर हिरडी ठणकत होती आणि दर ठणक्याला मी काकांचा उद्धार करत होते. सकाळी तरातरा तिसरा मजला चढले. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

दार उघडं होतं. काकांच्या बायको, सुमनकाकू, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. समोर स्टुलावर काका, हातात मऊ ब्रश.

"थोडं मोठं उघडा हं," काका म्हणत होते. त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भांडायचं काय होतं तेच मला आठवेना.

मला बघून ते उठून दाराशी आले. "हिला वर्षानुवर्षं मीच गोळ्या आणून दिल्या," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच दुकानातून. सूज उतरायची, आतला थर तसाच. पुढचे सगळे दात गेले. उरलेत त्यावर कशीबशी पोळी चावते. दवाखान्यात एकदा सगळं साफ करून घेतलं, पण आता तिथे नेलं की चावायला येते. घरी तोंड उघडते, ते मला डॉक्टर समजून."

ते परत स्टुलावर बसले आणि त्यांनी बोटावर हिरड्यांचं जेल घेतलं. काकूंनी त्यांची बाही धरली.

"डॉक्टर, काल मी दात घासलेच नाहीत. आमच्या ह्यांना सांगू नका. फार चिडतात हो ते."

"नाही सांगत," काका म्हणाले. "आ करा."