कोठीघराची किल्ली नीरजकडे

रविवारी दुपारी परदेशीपुऱ्यात, गंगूबाईंच्या पुढच्या खोलीत, चौथ्यांदा धर्मशाळा जळाली आणि अमिता उठून चपला शोधू लागली.

धर्मशाळा कागदावरची. गंगूबाईंची नात सुरभी गोष्ट सांगायची. तिच्या तिघा सोबत्यांनी त्या गोष्टीत कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर व्हायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकला की पुढचं ठरायचं. चोर होता नीरज. राक्षस सोडून तो आपल्याच माणसांचे खिसे कापायचा आणि कंटाळा आला की मुक्काम पेटवायचा.

"बस, बहुत हो गया सुरभी. हा असेल तर मी नाही," अमिता म्हणाली.

"अरे भिया, मस्ती होती ना!" नीरज खिदळला.

सुरभीचा चेहरा उतरला. चार महिने खपून तिने ही गोष्ट रचली होती. अमिता गेली की डाव मोडलाच.

कणकेच्या हातांनीच गंगूबाई बाहेर आल्या. "तू बस गं खाली. आणि तू रे, दात आत घे."

घरातली सहा लग्नं त्यांनी निभावली होती. मांडवात जो मामा जास्त फुगतो, त्याच्याच हाती कोठीघराची किल्ली द्यायची. मग तो साखरेच्या दाण्यावरही पहारा देतो.

"सुरभे, सगळ्यांचं सामान याच्याकडे ठेव. हरवलं तर यालाच धरायचं."

नीरज सरळ झाला. इतका सरळ, की राक्षस अंगावर आला तरी तो योद्ध्याला, म्हणजे जयेशला, तलवार देईना.

"पहले बता, परत कधी देशील?"

"अबे, तो मला खातोय!"

"आणि धार गेली तर?"

गंगूबाईंना राहवेना. "मेल्या, दे त्याला!" म्हणत त्यांनी फासा हिसकावून आपटला. वीस! राक्षस जागीच आडवा. पोरं सोफ्यावर चढून नाचली.

त्यानंतर मात्र गंगूबाई हलल्याच नाहीत. पाळी कोणाचीही असो, फासा त्यांचा. पऱ्यांच्या राणीला त्यांनी झापलं, "दारात पाहुणे उभे, पाणी कोण विचारणार?" घोडा दमलाय म्हणून जयेशला डोंगरभर पायी चालवलं.

पुढच्या रविवारी सुरभी हळूच म्हणाली, "आजी, आज खेळ जयेशकडे आहे, पोलोग्राउंडला. तिथे ना... जागा जरा कमी आहे."

चौघांचं इतकं एकमत आजवर कशावरच झालं नव्हतं. सुचवलं नीरजने, पहिला हात वर केला अमिताने.

गंगूबाई तयारच होत्या. "मला कुठे खुर्ची लागते? बोलाव रिक्षा."