काळा सोडून बाकीचे रंग

चंद्रकलाबाई उरकुडे माझ्या दुकानात आल्या की आधी खडू चावून पाहत.

चावून म्हणजे अगदी दाताखाली धरून. मेणखडूंचा डबा उघडायचा, त्यातला एक उचलायचा, टोकाचा तुकडा तोडायचा, डोळे मिटून तो तोंडात घोळवायचा आणि मग निकाल द्यायचा. "कडू हाये. नोको." कडू म्हणजे नापास, बेचव म्हणजे पास. आणि गोड लागला तर सगळ्यात वाईट. "गोड असन तं पोट्टे अख्खा डबाच खातीन, भाऊ. मंग चित्र कायनं काढतीन?"

भद्रावतीच्या बसस्टँडजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. रंग, घोटीव कागद, डिंक, टिकल्या, सगळं ठेवतो. स्वभावाने मी जरा रडका आहे असं घरात म्हणतात, आणि गिऱ्हाईक देवासमान वगैरे मी कधीच मानलेलं नाही. त्यात पोळ्याच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसताना ही उंच, काटकुळी बाई बारमाही छत्री काखेत मारून शिरायची आणि माझ्या मालाचा नाश्ता करायची.

"बाई, तो विकायचा माल आहे," मी पहिल्या वर्षी म्हणालो.

"मंग? मी का फुकटात खाऊन राह्यली? घेतोच ना." आणि बोट वर करून, "पोट्टं पहिले खाते, मंग रंगवते. तुमच्या डब्यावर लिवलं हाये का, कसा लागते म्हणून?"

डब्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

त्या सावरबोडीच्या अंगणवाडीच्या बाई. सावरबोडी म्हणजे एक तळं, तळ्याकाठी धानाची शेतं आणि थोडी कौलारू घरं, एवढं पूर्वीचं गाव. पुढे पलीकडे कोळशाची खाण उघडली आणि ती हळूहळू गावाकडे सरकत आली. शेतं गेली, खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर उभा राहिला, आणि गाव त्या डोंगराखाली मान घालून बसलं. चंद्रकलाबाई एकट्याच. नवरा लवकर गेला, मूल नाही. गावातलं प्रत्येक पोर चालायला लागलं की यांच्या ओसरीवर. एका पोराने निळा खडू पूर्ण खाल्ला होता, तेव्हापासून ही चावाचावी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराची आई काय घेऊन अंगणवाडीत आली असेल आणि ते कोणत्या रंगाचं असेल, ते मी लिहीत नाही. बाई मात्र ती गोष्ट भर दुकानात, बारीकसारीक तपशिलासह सांगत. एकदा एक नवी नवरी ऐकता ऐकता वही तिथेच ठेवून निघून गेली.

खडूनंतर वाट्या. रंग कालवायच्या प्लास्टिकच्या वाटीत बाई पाणी ओतायच्या, वाटी माझ्या काउंटरवर ठेवायच्या आणि काउंटरवर मुठीने दणका हाणायच्या. पाणी सांडलं तर वाटी नापास. माझी बिलं ओली, माझी पेनं ओली, मी ओला. "बाई, हे काय चाललंय?"

"दुपारी खाणीत बार उडते ना जी. घर हालते, भांडे हालते. वाटी बुडाशी रुंद पायजे."

मग रंग. पांढरा पोस्टर रंग अंगठ्याच्या नखाला लावायचा आणि अंगठा वर करून दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. वाळेपर्यंत. आल्यागेल्याला वाटायचं, बाई गाडी थांबवतेय. एकदा एक ऑटोवाला खरंच थांबला आणि बसा म्हणाला. बाईंनी त्याला उभं करून त्याच्याही अंगठ्याला दुसऱ्या बाटलीतला रंग लावला, कोणता आधी वाळतो ते पाहायला. तो बिचारा अंगठा वर करून उभा राहिला, भाडं सोडून.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्यानंतर बाई पास झालेले सगळे डबे काउंटरवर मांडायच्या, एकेक उघडायच्या, प्रत्येकातला काळा खडू काढायच्या आणि माझ्यापुढे ठेवायच्या.

"हे परत."

"परत घेऊन मी काय करू? सुटा काळा खडू कोण घेतं?"

"पैसे पुरे घ्या. मी कमी देऊन राह्यली का? पन काळा नाई नेत मी."

"अहो, पण का?"

"काळा आमच्या गावी फुकट भेटते, भाऊ."

असं म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसत, की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही हसत. मी ते खडू एका बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकत गेलो. डबा भरला तेव्हा मोठा घेतला. बायको म्हणायची, टाकून द्या. पण पैसे घेतलेली वस्तू टाकायला हात धजत नाही. वाण्याच्या जातीला हा एक शाप आहे.

हा सगळा खटाटोप तान्ह्या पोळ्यासाठी. आमच्या इकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो. लाकडाचे बैल रंगवायचे, सजवायचे, दोरीने ओढत तोरणाखाली आणायचे, मग घरोघर न्यायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं, मिळवायचा. सावरबोडीचे बैल बाई पोरांकडूनच रंगवून घेत. आणि बैल पांढराच हवा हा त्यांचा हट्ट. "पांढरा पांढराच राह्यला पायजे," हे त्यांचं दुसरं पालुपद. एका वर्षी धूळ बसू नये म्हणून त्यांनी ओल्या बैलांवर आपलं सुती लुगडं पांघरलं. सकाळी लुगडं निघालं, पण त्याचे धागे बैलांवरच राहिले. सगळ्या कळपाला बारीक लव फुटली. तोरणाखाली बैल आले की मेंढ्या आल्या, यावर गावात बराच वाद झाला म्हणतात.

एका वर्षी त्यांनी मला बक्षीस द्यायला बोलावलं. "या जी, तुमचेच खडू हायेत." मी कुरकुरत गेलो. एसटीतून उतरलो आणि रुमालाने तोंड पुसलं तर रुमाल काळा. झाडांची पानं काळी, कौलं काळी, तळ्यावर काळी साय. एका भिंतीला हात टेकला तर हाताचा ठसा भिंतीवर पांढरा आणि हात काळा. या गावात ही बाई एवढ्याशा पोरांकडून पांढरे बैल रंगवून घेते, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच, असं मला वाटलं.

तोरणाखाली पोरं रांगेत उभी होती, नाकं वाहतायत, पुढ्यात बैल. आणि बैल खरोखर पांढरे होते. रंग वेडावाकडा, डोळे कुठल्या कुठे, एकाचं शिंग हिरवं तर दुसरं केशरी, पण अंग पांढरं. तेवढ्यात रस्त्याने कोळशाचा ट्रक आला. बाईंनी शिट्टी वाजवली. त्याबरोबर सगळ्या पोरांनी मटकन खाली बसून बैल झाकले. पोरींनी फ्रॉकने, पोरांनी सदऱ्याने, आणि एका उघड्या पोराने पोटाखाली घेऊन. धूळ गेली, दुसरी शिट्टी झाली, पोरं उठली. ती धुळीने काळवंडलेली, बैल पांढरे. मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. बक्षीस कोणाला द्यावं हे मला सुचेना. मी खिशातले सगळे सुटे पैसे बोजारा म्हणून वाटले आणि लवकरच्या गाडीने परत आलो.

नंतर गाव उठायला लागलं. खाण अगदी उंबऱ्याशी आली होती. पुनर्वसनाची जागा हमरस्त्याकडे दूर होती, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं होती ते आधी गेले. साहजिकच आहे, खोकला कोणाला हवाय? पण त्यामुळे अंगणवाडी आधी रिकामी झाली. बाई मात्र दर वर्षी तेवढेच डबे चावून घेऊन जायच्या.

"बाई, पोरं उरलीत किती? एवढं घेऊन काय करता?"

"गेले ते सनाले येतीन ना. बैल तं इथीच हायेत त्याईचे. मी बोलली हाये सगळ्याईच्या मायले."

पोरं दूर गेली तरी तान्हा पोळा सावरबोडीतच व्हावा, एवढंच त्यांना हवं होतं. पहिल्या वर्षी बरीच आली. दुसऱ्या वर्षी एकच आली, गुड्डी नावाची, बापाच्या मोटारसायकलवर बसून, तीही तासाभरासाठी. तिसऱ्या वर्षी कोणीच आलं नाही. नव्या वस्तीत मोठा मंडप होता, बक्षिसाला सायकल होती. ते बाईंनीच मला सांगितलं, हसतहसत. "मी एकटीच तोरनाखाली उभी राह्यली भाऊ. सगळे बैल मांडले. ट्रक आला तं झाकू कोनाकोनाले? दोनच हात!" दुकानात कोणी हसलं नाही.

त्यानंतर सावरबोडी गेलीच. बाईंना नव्या वस्तीत घर मिळालं, पण तिथे अंगणवाडीला आधीच दुसऱ्या बाई होत्या. त्या पोळ्याला चंद्रकलाबाई आल्या नाहीत. माझी बिलं कोरडी राहिली. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खडूचा डबा उघडला की टोक मोडलेलं आहे का ते मी पाहत होतो. शेवटी एक खडू मी स्वतः चाखून पाहिला. कडू होता. बायकोने पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी त्या आल्या. छत्री नव्हती. साडी स्वच्छ होती, आणि ती फिकट गुलाबी आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ते काळे खडू ठेवले काय जी? का फेकले?"

मी फळीवरून डबा काढला. त्यांनी झाकण उघडलं आणि आत पाहत राहिल्या.

"एवढे झाले?"

"तुमचेच आहेत. पैसे कधीच दिलेत."

मग त्यांनी सांगितलं. गुड्डी आता शाळेत जाते. येता-जाता यांच्या ओट्यावर टेकते. परवा म्हणाली, बाई, आपलं गाव काढून दाखवा. बाईंनी मन लावून काढलं. निळं तळं, हिरवी झाडं, लाल कौलं. पोरीने कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला.

"मले म्हनते, बाई, हे तं पुस्तकातलं गाव होय. आपलं कुठी हाये?" बाईंनी डब्यातला एक खडू उचलला. "जलमभर मी पोट्ट्याईच्या हातात काळा येऊ नाई देला, भाऊ. आता काळ्याबिगर गाव वळखूच येत नाई. आन मले तं दुसरं गावच नाई."

चेष्टा करायची सवय, तीच कामाला आली. "चाखून नाही पाहणार?"

"हा तं जलमभर खाल्ला जी," त्या म्हणाल्या, आणि थोडंसं हसल्या.

मी पांढरा जाड कागद काढून काउंटरवर पसरला. इथेच काढा म्हणालो. त्या काढायला लागल्या. आधी मातीचा डोंगर, मग त्याच्याखाली घरं, झाडं, तळं, भिंती. सगळं काळ्याने, दाबून दाबून. खडू संपला की दुसरा. बोटं काळी झाली, कपाळावरचे केस मागे सारताना कपाळ काळं झालं. दोन गिऱ्हाइकं आली, मी त्यांना नंतर या म्हणालो. असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. कागद भरत गेला तसं ते गाव मला दिसायला लागलं, भिंतीवरच्या माझ्या हाताच्या ठशासकट.

मधोमध तोरण होतं. त्याच्याखाली एक लांबट जागा त्यांनी खडू न लावता सोडली होती. मला वाटलं राहून गेली. वाकून पाहिलं तेव्हा चार-चार पाय दिसले, शिंगं दिसली. बैलांची रांग होती. सगळीकडे काळं करत येऊन त्यांनी बैलांपुरता कागद तसाच कोरा ठेवला होता.

"वळखू येते काय?" त्यांनी विचारलं.

"सावरबोडी," मी म्हणालो.

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्याने कोळशाचा ट्रक गेला. माझा काउंटर थरथरला. चंद्रकलाबाईंनी मनगटाने पदर ओढून घेतला आणि तो त्या कोऱ्या जागेवर धरला. धूळ खाली बसेपर्यंत त्या तशाच वाकून राहिल्या, आणि काउंटरच्या अलीकडून मीही माझे दोन्ही हात तिथे ठेवले.