होडीच्या मापाचं इंजिन

मास्तरांचा उजवा खांदा डॉक्टरांनी दाबून, फिरवून पाहिला आणि विचारलं, "तुम्हांला कपडे शिवायचे आहेत की वल्हं मारायचंय? एकच काहीतरी सांगा."

मास्तर शिंपी होते. पोटासाठी ते कपडे शिवत आणि जिवासाठी दर सुट्टीला तलावात होडी घालून, गळ टाकून बसत. दोन्ही कामांना तोच खांदा लागायचा. ते खांदा चोळत बसले. शेजारी बसलेल्या बायकोला मात्र उत्तर लगेच सुचलं.

"होडी विकून टाका. मासे बाजारातही मिळतात, आणि तिथले पळून जात नाहीत."

मास्तरांच्या दुकानात काज-बटणाचं काम तीच करायची. होडीत मात्र तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या निमुळत्या लाकडात बसण्यापेक्षा परातीत बसलेलं काय वाईट, असं तिचं म्हणणं होतं.

होडी वाचवायला धावून आला तो तिचा धाकटा भाऊ. हा मेव्हणा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे इंजिन नावाच्या कुठल्याही वस्तूवर आपला शब्द शेवटचा, असं तो समजून चालायचा.

"भाऊजी, एवढंच ना? होडीला मागं छोटं इंजिन लावू. दोरी ओढली की झालं. खांद्याला कायमची सुट्टी."

"लावा," बायको म्हणाली. "पण तेही नाही जमलं, तर होडी जाणार म्हणजे जाणार."

अशा रीतीनं तिघंही इंजिनांच्या दुकानात येऊन दाखल झाले. भिंतीला ओळीनं इंजिनं टांगली होती. खाली पंखे, वर झाकणं, जणू लांब मानेचे पक्षी उलटे लटकून झोपले होते. मास्तर दारातच थबकले आणि त्यांनी नकळत चपला काढल्या.

दुकानदारानं विचारलं, "होडी केवढी आहे, मास्तर?"

"मी बसलो की माझी पिशवी मांडीवर घ्यावी लागते, एवढी."

"मग हे दोन घोड्यांच्या ताकदीचं घ्या." त्यानं एक इंजिन एका हातानं उचलून समोर ठेवलं.

मेव्हण्यानं ते न्याहाळलं. "हे इंजिन आहे की दाढीचं मशीन?"

दुकानाच्या मागं पाण्यानं भरलेलं पिंप होतं. दुकानदारानं ते इंजिन पिंपात सोडून चालू केलं. पाणी गोल फिरलं, छान गुणगुणलं. मास्तरांना ते आवडलंही. पण तेवढ्यात मेव्हण्यानं कोपऱ्यातल्या काळ्याभोर, रुंद खांद्यांच्या इंजिनाकडे बोट दाखवलं. "आणि ते?"

"ते पंधरा घोड्यांचं. तुमच्या कामाचं नाही."

"बघायला काय जातंय?"

ते बघायला सगळी गिऱ्हाइकं जमली. दोघांनी ते उचलून पिंपावर बसवलं. दुकानदारानं दोरी ओढली, मूठ जरा पिळली, आणि पिंपातलं पाणी उभं राहिलं. खरंच उभं राहिलं. छताच्या पत्र्यावर आपटून ते मेव्हण्याच्या अंगावर कोसळलं, भिंतीवरची इंजिनं एकमेकांवर किणकिणली, आणि इंजिन बंद झालं तेव्हा पिंपाच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. निथळणाऱ्या मेव्हण्याच्या चेहऱ्यावर देवळातून बाहेर पडल्याचं समाधान होतं.

"हेच," मास्तर पुटपुटले.

"अहो, होडीला बसेल का पण हे?" बायकोनं विचारलं.

"हे होडीला बसेल हो," दुकानदार म्हणाला, "पण होडी ह्याला बसेल का, ते बघा. नाही झेपलं तर आठवड्याभरात परत आणा, लहान देईन."

पुढच्या सुट्टीला तलावावर इंजिन होडीच्या मागच्या फळीला आवळलं. मास्तर त्याच्याजवळ बसले. बसताक्षणी होडीचं मागचं टोक पाण्यात गेलं आणि पुढचं टोक आभाळाकडे बघायला लागलं.

"पुढं वजन पाहिजे," मेव्हणा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडी धरत म्हणाला. "मी बसलो असतो, पण ढकलायला कोण? ताई, तू बस."

"मी? त्यात?"

"फक्त मिनिटभर. चाचणी गं."

किनाऱ्यावर बघे जमायला लागले होते. सगळ्यांसमोर घाबरलो असं दिसू नये म्हणून ती पाण्यात तरंगवणारं फुगीर जाकीट चढवून पुढच्या टोकाला जाऊन बसली, मास्तरांकडे तोंड करून. होडी सपाट झाली. मास्तरांचं लक्ष जाकिटाच्या खांद्याकडे गेलं. फारच ढगळ. दोन बोटं आत घ्यायला हवं होतं.

"मूठ हळूच पिळा!" मेव्हण्यानं सांगितलं आणि होडी सोडली.

मास्तरांचा हात कात्रीचा. हळूच पिळणं त्याला माहीत नव्हतं. पंधराच्या पंधरा घोडे एकदम उधळले. मेव्हणा होता तिथंच राहिला आणि होडी तलावात आतवर पोचली.

घाबरल्यावर मास्तरांनी तेच केलं जे ते शिवणयंत्रावर बसून जन्मभर करत आले होते. यंत्र थांबवायला त्यांनी दोन्ही पाय उचलले. इंजिनाला त्याचं काही वाटलं नाही. पाय वर गेल्यावर तोल सावरायला त्यांनी मूठ घट्ट धरली, ती आणखी पिळली गेली, आणि होडी पाण्यावरून नव्हे, पाण्याच्या जरा वरून चालली.

"ब्रेक!" किनाऱ्यावरून मेव्हणा सवयीनं ओरडला. "भाऊजी, ब्रेक दाबा!"

समोर दगडी घाट आला. मास्तरांनी इंजिनाचा दांडा उजवीकडे ढकलला, तर होडी डावीकडे वळली आणि वळतच राहिली. मोठमोठी वर्तुळं घेत ती तलाव घुसळू लागली. पाण्यावर बसलेले पांढरे पक्षी थव्यानं उठले आणि त्यांच्या डोक्यावरून फडफडत गेले. दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांतून ऊन आरपार जात होतं. मास्तरांना वाटलं, आता सगळं संपलं. होडीही आणि संसारही. बायको डोळे गच्च मिटून बसली असणार, म्हणून त्यांनी भीत भीत तिच्याकडे पाहिलं.

तिचे डोळे सताड उघडे होते. केस सुटले होते, तोंड अर्धवट उघडं होतं, आणि ती पक्ष्यांकडे बघत होती.

शेवटी पेट्रोलच संपलं. होडी सुस्कारा सोडून तलावाच्या मधोमध थांबली. इतकी शांतता झाली की जाकिटावरून ठिबकणारं पाणीही ऐकू यायला लागलं.

"चुकलं माझं," मास्तर हळूच म्हणाले. "उद्याच गिऱ्हाईक बघतो होडीला."

ती ऐकतच नव्हती. "अहो, ते आपलं घर ना? तो निळा पत्रा?"

"हो."

"आणि त्याच्या मागं डोंगर आहे?"

"आहे की. आधीपासून आहे."

"मला कधी दिसलाच नाही," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती त्या डोंगराच्या पायथ्याशी काजं करत होती, मान खाली घालून. डोंगराचं अख्खं प्रतिबिंब पाण्यात उलटं पडलं होतं आणि ती दोघं त्याच्या शेंड्यावर बसली होती. मास्तर इतकी वर्षं इथं येत होते, पण पाण्याकडे बघत, गळाकडे बघत. त्यांनीही तो डोंगर आज पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघितला.

मेव्हण्यानं दुसऱ्या होडीतून येऊन त्यांना ओढून नेलं, आणि वाटभर ब्रेकचं महत्त्व समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी इंजिन उचलून दुकानात नेलं. दुकानदार काही न विचारता हसला. त्यानं ते दोन घोड्यांचं इंजिन पुसून पुढं ठेवलं.

"सांगितलं नव्हतं, मास्तर? होडीच्या मापाचं हेच."

मास्तरांनी मान खाली घालून हात पुढं केला.

"थांबा," बायको म्हणाली. "आम्ही इंजिन बदलायला नाही आलो. ह्या इंजिनाच्या मापाची होडी कुठं मिळते, ते विचारायला आलोय."

मेव्हण्याच्या हातून इंजिनाची बाजू निसटता निसटता राहिली. आयुष्यभर माणसाच्या मापानं कापड कापणारे मास्तर बायकोकडे बघतच राहिले. कापडाच्या मापाचं माणूस शोधायला कुणी निघाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"चालवणार कोण पण?" दुकानदारानं मास्तरांना विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "हे पुढं बसतील. वजनाला."