शिट्टीचे साक्षीदार

नमुना सात: कर्णदोष उपचार मंजुरी अर्ज. दोन प्रतींत भरावा. खाडाखोड चालणार नाही.

रकाना एक: अर्जदाराचे काम.
पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर एकोणतीस वर्षं. प्रेसचं पातं खाली येण्याआधी घंटा वाजते. घंटा वाजली की हात मागे घ्यायचा. वर्षभरापासून अर्जदाराला घंटा ऐकू येत नाही. ऐकू येते ती फक्त कानातली शिट्टी, अखंड. सध्या तो शेजारच्या प्रेसवाल्याचा खांदा बघून हात मागे घेतो. खांदा हलला की घंटा वाजली असं समजायचं. ही पद्धत अजून चुकलेली नाही.

रकाना दोन: सुचवलेला उपचार.
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन्ही कानांना यंत्र, शिट्टी मागे सरकावी म्हणून त्याच यंत्रात एक मंद आवाज, आणि शिट्टीसोबत राहायला शिकण्यासाठी समुपदेशनाच्या सहा बैठका. “शिट्टी पूर्ण जाईलच असं नाही, पण डोक्यावर बसणार नाही. तोवर ह्यांना प्रेसवर उभं करू नका.” शेवटच्या वाक्यासाठी नमुन्यात जागा नव्हती, म्हणून ते ग्राह्य धरलेलं नाही.

रकाना तीन: आवाज प्रत्यक्ष ऐकलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या.

“साहेब, शिट्टी ह्यांच्या कानात वाजते,” अर्जदाराची बायको म्हणाली. “दुसऱ्याला कशी ऐकू येईल?”

“म्हणजे पुरावा नाही,” आरोग्य कक्षाचा कारकून म्हणाला.

“मग मी करते सही. सगळा संसार ओरडून चाललाय माझा!”

“नातेवाईक चालत नाहीत. आणि बाई, हळू बोला, हा कानाचा विभाग आहे.”

“काय म्हणतोय?” अर्जदाराने विचारलं.

“माझं कपाळ म्हणतोय!” बायको त्याच्या कानात ओरडली.

शेवटी शेजारचा प्रेसवाला धावून आला. “आण इकडे. मलाही वाजते अधूनमधून. काय फाशी देणार आहेत?” त्याने झोकात सही ठोकली.

आपल्याला शिट्टी ऐकू येते असं त्याने लेखी कबूल केल्यामुळे त्याला त्याच दिवशी सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रेसवरून काढून गोदामात झाकणं मोजायला बसवलं. अर्जदाराला मात्र हलवता येईना. अर्ज मंजूर होईपर्यंत अर्जदार निरोगी समजावा, असा नियम आहे. शिवाय दुसरा साक्षीदार कोण होणार? गोदामात जाऊन बसायची हौस कुणालाच नव्हती.

रकाना चार: फक्त कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.
सोमवारी शेजारच्या प्रेसवर कुणी नव्हतं. अर्जदाराने सवयीने तिकडे पाहिलं. रिकाम्या जागेला खांदा नसतो. घंटा वाजली. उजव्या हाताची तीन बोटं.

रकाना पाच: कार्यवाही.
चौकशी तत्परतेने झाली. प्रश्न एकच होता: घंटा वाजली होती का? तासाभरात अठरा सह्या गोळा झाल्या. सगळ्यांनी घंटा प्रत्यक्ष ऐकली होती, स्पष्ट ऐकली होती. रकाना पुरेना, पुरवणी जोडावी लागली.

“बघा,” कारकून बायकोला म्हणाला, “मिळतात की नाही साक्षीदार? मनावर घ्यावं लागतं.”

अर्जदार आता प्रेसवर नसल्याने त्याला घंटा ऐकण्याची गरज उरलेली नाही. सबब उपचाराचा अर्ज निकाली काढण्यात आला. निकाल मिळाल्याबद्दल त्याचा अंगठा घेतला आहे. अंगठा शाबूत आहे, अशी नोंद केली.

पुरवणीवर अजून एक ओळ मोकळी आहे. आपण इथवर सगळं वाचलंत. घंटा वाजली होती, हे तर आपणही नाकारणार नाही. पेन दोरीला बांधलेलं आहे. सही करून जागेवर ठेवावं.