इंदूबाईंनी परत केलेले जादा सहा रुपये

आबाजी छत्रीवाल्यांचं वर्णन मी माझ्या शब्दांत केलेलं त्यांना चालत नाही, म्हणून त्यांनी सांगितलेलंच लिहितो. "उंची मध्यम, पण दुरून उंच वाटणारी. नजर अशी, की समोरच्याने न केलेला गुन्हाही कबूल करावा. कल्याणपासून खोपोलीपर्यंत या बुद्धीला तोड नाही." खोपोलीच्या पुढे का नाही, असं मी विचारलं. पुढे घाट लागतो, म्हणाले.

कर्जतच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'छत्र्या दुरुस्त होतील. गुन्हे उघडकीस येतील.' छत्र्या खरोखर दुरुस्त होत. मी, येसाजी, कचेरीतला कारकून, त्यांचा मदतनीस कसा झालो ते मलाही नीट आठवत नाही. छत्री आणायला गेलो होतो, एवढं आठवतं.

सेहेचाळीस सालची ही गोष्ट. मी, स्टेशनातला रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला हिरामण आणि भाताच्या गिरणीतला नामा, असे आम्ही तिघे इंदूबाईंच्या खोलीत भाड्याने राहत होतो. प्रत्येकाने दहा रुपये डिपॉझिट ठेवलं होतं. उन्हाळ्यात हिरामणचं लग्न झालं आणि दिवाळीनंतर आमचं बिऱ्हाड मोडलं. मला मामांनी आपल्याकडे बोलावलं, नामाला गिरणीच्या आवारात जागा मिळाली. बायकोला आणायचं म्हणून हिरामणने धोंडी वाण्याची खोली ठरवली. धोंडीने डिपॉझिट रविवारपर्यंत मागितलं होतं. नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती.

हिरामण ड्युटीवर पळत असताना इंदूबाईंनी पैशांची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. आम्ही ती सोडून पैसे मोजले. छत्तीस रुपये निघाले.

पैसे कमी निघाले असते तर आम्ही थेट इंदूबाईंकडे गेलो असतो. जादा निघाल्यावर कुणाकडे जायचं ते कळेना. तिथे मी चूक केली आणि आबाजींचं नाव काढलं.

"इंदूबाईंनाच इचारू की," दुकानात शिरताना नामा म्हणाला.

"संशयिताला कधी विचारायचं नसतं," आबाजी म्हणाले. "तो उत्तर देतो आणि तपासाचा सगळा विचका होतो." मग त्यांनी छत्तीसच्या छत्तीस रुपये पुरावा म्हणून ताब्यात घेतले आणि एका मोडक्या छत्रीत गुंडाळून फळीवर ठेवले.

पहिला तर्क असा, की नोटा खोट्या आहेत. खरी शाई चिंचेच्या पाण्याला दाद देत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एक नोट पाण्यात बुडवली. शाईने दाद दिली नाही. नोट मात्र दोन दिवस वाळत पडली होती आणि तिला आमटीच्या भांड्याचा वास येत होता.

दुसरा तर्क, हे तोंड बंद ठेवण्याचे पैसे आहेत. "इंदूबाईंचं कोणतं गुपित तुम्हाला ठाऊक आहे ते आठवा," त्यांनी फर्मावलं. आम्ही तिघेही मन लावून आठवू लागलो. बऱ्याच वेळाने हिरामण म्हणाला, "त्या दुधात पानी घालतात." पण ते सगळ्या कर्जतला ठाऊक होतं. एवढी तोंडं बंद करायला इंदूबाईंना म्हैस विकावी लागली असती.

मग आबाजींनी आमच्याकडे मोर्चा वळवला. मे महिन्यात कोण कुठे होतं ते विचारलं. हिरामण लग्नासाठी चौक गावाला होता. मी त्याच्या वरातीत होतो, आणि तिथून माझ्या गावी गेलो होतो. नामा एकटाच कर्जतला.

"खोलीतच झोपत होतास?"

"नाय. आठवडाभर गिरणीत झोपलो, पोत्यांवर."

आबाजींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "स्वतःची खोली असताना पोत्यांवर. का?"

"इंदूबाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे..."

"बस. आरोपीने सबब सांगायची नसते. हे सहा रुपये नामाने कुठूनतरी उडवून इंदूबाईंकडे लपवले. त्या विसरल्या आणि डिपॉझिटमध्ये घालून बसल्या."

हिरामणने काही बोलायला हवं होतं. मीही बोलायला हवं होतं. पण धोंडी वाणी रोज निरोप पाठवत होता, हिरामण वैतागला होता, आणि तो चिडून एवढंच म्हणाला, "नामा, काय असंल ते सांगून टाक ना रं."

नामाने आम्हा दोघांकडे पाहिलं. एका ताटात जेवलेली माणसं आम्ही. "तुमालाबी तसंच वाटतं व्हय," म्हणाला, आणि उठून गेला. पुढे बाजारात दिसला तरी तो रस्ता बदलायचा.

रविवारी दुपारी चौकच्या मोटारीतून हिरामणची बायको चंद्राबाई ट्रंक घेऊन उतरली. ट्रंक ठेवायला घर नव्हतं. ती छत्र्यांच्या दुकानातच खाली ठेवून तिने सगळी हकीकत ऐकून घेतली. आबाजींनी तीनही तर्क पुन्हा सविस्तर सांगितले. चंद्राबाई नवी नवरी, डोक्यावरचा पदर ढळू न देता ऐकत होती.

"त्या बाईंचं घर कुठं हाय?" तिने मला विचारलं.

आम्ही सगळे तिच्या मागून निघालो; आबाजींनी पुराव्याची छत्री काखेत घेतली. गिरणीवरून जाताना तिने नामाला हाक मारली, "भावोजी, तुमीबी चला." तिला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

इंदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. चंद्राबाईने विचारलं, "मावशी, तीसचे छत्तीस कसे झाले?"

"माज्या पुतण्याचं लगीन नव्हतं का मे महिन्यात? पाव्हणे तुमच्या खोलीत उतरवले. नामाला म्हटलं, आठवडाभर गिरणीत झोप. त्या महिन्याचं भाडं तुमी भरलेलं. मग ते मी कसं ठेवू?" सुपातला एक खडा काढून त्यांनी टाकला. "मला वाटलं, नामानं सांगितलं असंल."

हिरामण नामाजवळ जाऊन उभा राहिला. "माजं चुकलं रं. ते सहाच्या सहा तूच घे."

"मला नको. भाडं तिघांनी भरलं."

"पोत्यांवर तू झोपलास," मी म्हणालो.

"लई ब्येस झोपलो. तिथं हिरामण घोरत नव्हता."

आता कुणीच पैसे घेईना. शेवटी चंद्राबाईनेच निवाडा केला. "झोपायचे हाल भावोजींचे झाले, म्हणून तीन रुपये त्यांचे. भाडं तिघांनी भरलं, म्हणून उरलेले तीन तिघांचे." नामाला चौदा, आम्हा दोघांना अकरा अकरा. सगळ्यांना पटलं. हिरामण आपले पैसे घेऊन धोंडीकडे धावला आणि किल्ली घेऊनच परतला.

इंदूबाईंनी चहा ठेवला. आबाजी अंगणातच उभे होते. जरा वेळाने घसा साफ करून म्हणाले, "या पैशांशी नामाचा संबंध आहे, हे आधी कुणी ओळखलं?"

नामा ओट्यावर बसून सुपातले खडे काढत राहिला.

"शिवाय," आबाजी जरा हळू आवाजात म्हणाले, "ते पैसे आठवडाभर माझ्या छत्रीत राहिले. इंदूबाईंच्या हिशेबाने पाहिलं तर थोडं भाडं मलाही..."

नामा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग ओट्यावर जरासा सरकला आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बसा आबाजी," तो म्हणाला. "पर काय इचारू नका."